मापात भरलेली वाळू

पूल खचल्याची बातमी आमच्या दुकानात आणली ती पाववाल्याने. पावाची टोपली फळीवर टेकवत म्हणाला, "मधला खांब बसलाय म्हणे. पोलिसांनी दोन्हीकडून दोर बांधलेत. चालत जातो म्हटलं तरी सोडत नाहीत. होडीवाल्यांनाही हाकललं."

मामा साखर तोलत होता. काट्यावरची नजर न काढता म्हणाला, "बसलाय ना? पडला तर नाही? मग बघू."

मामी माझ्या शेजारी बसून तांदूळ निवडत होती. ती ताट तसंच ठेवून उठली आणि आतल्या खोलीत गेली. मी म्हटलं, गेली असेल पाणी प्यायला.

नदीच्या पलीकडे सगळं आहे. मालाची वखार पलीकडे, मोठं इस्पितळ पलीकडे, कचेऱ्या पलीकडे. अलीकडे आम्ही. डोंगराला वळसा घालून एक रस्ता येतो, पण त्यावरून ट्रक येत नाही, आणि जी गाडी येते तिच्यातल्या माणसांचे मणके उतरल्यावर मोजून घ्यावे लागतात. म्हणजे पूल बंद तर माल बंद. हे सगळ्यांना ठाऊक होतं. फक्त एकदम आठवलं सगळ्यांना, एवढंच.

पाववाला कोपऱ्यावर पोचला नसेल तोवर दुकानासमोर माणूस मावेना.

मी शाळा सोडली तेव्हा आईने मला मामाकडे धाडलं. वर्गात माझं बूड टिकत नव्हतं आणि तोंड बंद राहत नव्हतं. दुकानात बूड टेकायची गरजच नसते. तोंडाचं काही झालं नाही. मामा मला वकीलसाहेब म्हणतो. गिऱ्हाईकाशी वाजलं की म्हणतो, "झालं वकीलसाहेबांचं? आता सामान द्या."

त्या दिवशी माझं पहिलं वाजलं ते शिवणवाल्या मावशींशी. त्यांना मीठ हवं होतं. एक पुडा नाही, पिशवीत मावेल तेवढं.

"घरात माणसं किती तुमच्या?" मी विचारलं.

"दोघं."

"आणि मीठ एवढं?"

"मीठ काही खराब होत नाही बाई."

"तुमचं रक्त होईल की."

"वकीलसाहेब," मामा गल्ल्यावरून ओरडला.

पण मावशी पिशवीत अजून जागा आहे का ते दोन दोनदा बघत होत्या. त्यांना स्वतःलाही कळत नव्हतं मीठ कशाला. पुढच्याने घेतलं म्हणून त्यांनी घेतलं, त्यांचं बघून मागच्याने मागितलं. एकाने मेणबत्त्या उचलल्या. मागच्या बाईने विचारलं, "वीज पण जाणार आहे का?" तो म्हणाला, "मला काय माहीत?" आणि तिने उरलेल्या सगळ्या उचलल्या. चपलांचं पॉलिश संपलं. पॉलिश कोणाला हवं असतं अशा वेळी? एक आजी उंदराचं औषध घेऊन गेल्या. मी विचारलं, उंदीर झालेत का? म्हणाल्या, "झाले तर?"

मग फळीचं बिजागर तुटलं.

आमच्या दुकानात गिऱ्हाईक बाहेर आणि आम्ही आत, मध्ये लाकडी फळी. ती उचलून आत यायचं ते फक्त आम्ही. त्या दिवशी लोकांचा भार पडून ती एका बाजूने लोंबायला लागली आणि माणसं आत शिरली. आपापल्या हाताने मांडणीवरचं काढायला लागली. मामा गल्ल्याला पाठ लावून उभा, जो जे दाखवेल त्याचे पैसे घेत होता. मामी आतल्या खोलीच्या दारात, आतला माल हातोहात बाहेर देत होती. मी पोतं ओढत होते. आतून बाहेर आले तर कोपऱ्यातल्या मांडणीची वरची फळी रिकामी.

"मामा," मी म्हटलं, "कोपऱ्यातले डबे?"

"गेले. सगळं जातंय आज," मामा म्हणाला. खूश होता. मग त्याचा हात गल्ल्यातच राहिला. "कोणते डबे?"

हे डबे म्हणजे काय ते सांगते.

बाळांच्या दुधाच्या भुकटीचा डबा महाग. आणि आमच्या मांडणीवर दुपारचं ऊन येतं, भुकटी खराब होते. म्हणून खरे डबे आतल्या थंड खोलीत. बाहेर दिसायला रिकामे डबे, गिऱ्हाइकांनी परत आणून दिलेले. कोणी मागितलं की आत जायचं, खरा आणायचा. मामाच्या वडिलांपासून असंच चाललंय. पण रिकामा डबा पंख्याच्या वाऱ्याने पडतो, म्हणून त्यात वाळू. आता वाळू कोणीही भरेल. मामा काट्याचा माणूस. त्याने डब्यावर जेवढं वजन लिहिलेलं होतं तेवढीच वाळू तोलून भरली. मी म्हटलं होतं, "मामा, वाळू आहे, मूठभर कमीजास्त झाली तर कोण रडणार आहे?" तर म्हणाला, "आपल्या काट्यावरून खोटं वजन जाणार नाही." वाळू जड, त्यामुळे डबा अर्धाही भरला नाही. वर हलू नये म्हणून मी रद्दी कोंबली, झाकण लावलं, झाकणाला पारदर्शक चिकटपट्टी गोल फिरवली. फार सफाईने फिरवली. हातात घेतला तर कोणालाही वाटावं, भरलेला आहे.

असे तीन डबे होते. तिन्ही गेले.

मामाने त्या संध्याकाळी शटर ओढलं आणि तिथेच पोत्यावर बसला. आत एकही खरा डबा उरला नव्हता. जेवायला वर आला नाही. मामी दोनदा हाक मारून आली.

सकाळी दुकान उघडायच्या आधीच एक चष्मेवाल्या बाई दारात. कचेरीत असतात कुठल्यातरी, नेहमी मोजून चार लिंबं घेतात. त्यांनी डबा फळीवर उलटा केला. वाळू पार साखरेच्या काट्यापर्यंत गेली.

"हे विकता का तुम्ही?"

मामाने हात जोडले. "बाई, चूक झाली. दाखवायचे डबे होते ते. गर्दीत गेले. तुमचे पैसे घ्या."

"पैशाचं नाही हो. माणसाने विश्वास ठेवायचा कोणावर?"

"तुमच्याकडे बाळ आहे का?" मी विचारलं.

बाईंनी चष्मा वर सरकवला. "नाही. पण असावा म्हटलं एखादा घरात."

मी तोंड उघडणार होते, पण मामाने माझ्या पायावर पाय दिला.

थोड्या वेळाने सायकलवाला आला, नाक्यावरचा. तो हसत हसतच आला. "शेठ, चहात घातलं. ढवळलं, ढवळलं, विरघळेचना. म्हटलं काय कडक दूध आहे." मामा हसला नाही. त्याचेही पैसे परत दिले.

दुपार झाली. तिसरा कोणी आला नाही.

"बरं झालं," मामी म्हणाली. "त्याने टाकूनही दिला असेल."

मी वाळू झाडत होते. आणि झाडता झाडता माझ्या डोक्यात आलं. "मामा, या दोघांनी लगेच उघडले. का उघडले?"

"का म्हणजे? हौस."

"हौस, कारण गरज नव्हती. तिसऱ्याने उघडलाच नाही. म्हणजे त्याने जपून ठेवलाय. म्हणजे त्याच्या घरी बाळ आहे. आत्ताचा डबा संपेल तेव्हा तो हा उघडणार."

मामा काटा पुसत होता, त्याने फडका खाली ठेवला.

"येईल तो," म्हणाला, पण आवाज नव्हता त्याच्यात.

"कधी? बाळ उपाशी रडायला लागल्यावर? आणि आला तर देणार काय आपण? पैसे?"

"तू माझ्यावर ओरडू नकोस."

"मी ओरडत नाही, माझा आवाजच असा आहे. कोण होता तो? तू पैसे घेतलेस ना त्याचे?"

मामाने डोळे मिटून कालची गर्दी आठवली. मग म्हणाला, "एक म्हातारा होता. लक्षात राहिला, कारण सगळे एकमेकांच्या अंगावर चढत होते आणि तो म्हणाला, आधी या बाईचं घ्या, तिच्या कडेवर पोर आहे. काल दिवसभरात हे वाक्य त्याने एकट्यानेच म्हटलं."

"दिसायला कसा?"

"म्हाताऱ्यासारखा."

मी गल्ला पाहिला. खणाच्या फटीत पांढरं काहीतरी अडकलं होतं. चिमटीने ओढलं तर कापसाचा पुंजका. आणि मला दिसला तो. पोतं ओढताना मी वर पाहिलं होतं तेव्हा एक माणूस मागे उभा होता, भुवया पांढऱ्या. मला वाटलं होतं म्हातारपणाने. भुवयांवर कापूस होता.

"गादीवाला," मी म्हटलं. "लाकडाच्या वखारीमागचा. तू चल माझ्याबरोबर."

मामाने मान हलवली. "मला नाही तोंड दाखवता येणार. आयुष्यभर काट्यावर बसलो मी."

माझं डोकं फिरलं होतं. चप्पल सरकवली आणि निघाले.

वखारीमागच्या गल्लीत गादीवाल्याची एकच खोली, पुढे काम आणि मागे घर. कापूस पिंजायचं यंत्र बंद होतं. गाद्यांची चळत लावलेली, तिच्या शेजारी जमिनीवर एक गादी, चारी बाजूंनी लोड लावलेले, आणि मधोमध बाळ. एवढंसं. मुठी डोक्याशी घेऊन झोपलेलं.

म्हाताऱ्याने बोट ओठावर ठेवलं. "हळू. आत्ता डोळा लागलाय." मग माझ्याकडे बघितलं. "तू दुकानातली ना? काही द्यायचं राहिलं का माझ्याकडून?"

मी काय काय बोलायचं ते रस्ताभर जुळवत आले होते. सगळं पुसलं गेलं.

"आजोबा, यंत्र बंद का?"

"आवाजाने उठते ही. आई नाही ना जवळ." तो सुईत दोरा ओवत होता, हाताने शिवायचं काम घेऊन बसला होता. "माझी मुलगी इस्पितळात आया आहे. रात्रपाळीला गेली पलीकडे, आणि सकाळी पूल बंद. अडकली. तिथे नर्सा कमी पडल्यात, हिला सोडतही नाहीत. ही अंगावरच पिते खरं तर. डबा आपला वरचा, आई कामावर गेल्यावर पुरता. आता सगळा भार डब्यावर."

मागच्या भिंतीला फळी होती. तिच्यावर एक घड्याळ, एक आरसा, आणि आमचा डबा. त्याच्यावर धूळ बसू नये म्हणून स्वच्छ फडकं टाकलेलं.

खाली चुलीशी दुसरा डबा, उघडा. त्यातला चमचा तळाला टेकलेला दिसत होता.

"दोन होते माझ्याकडे," तो म्हणाला. "एक मुलीने पगार झाला तेव्हा आणून ठेवला होता. तो समोरच्या नळवाल्याच्या बायकोला दिला. जुळी आहेत तिला, आणि ती रडत दारात आली, कुठेच मिळेना. म्हटलं घे. माझ्याकडे तुमच्या दुकानातला आहेच की."

मी खाली बसले.

"आजोबा, त्यात वाळू आहे."

तो हसला. पोरं थट्टा करतात त्याला हसतात तसं. "बरं."

"खरंच. दाखवायचा डबा आहे तो. मीच चिकटपट्टी लावलीय."

मी उठले, फडकं बाजूला केलं, डबा खाली घेतला. चिकटपट्टीचं टोक कुठे आहे हे मला न बघता माहीत होतं. झाकण काढलं, रद्दी काढली, डबा त्याच्यासमोर ठेवला. त्याने दोन बोटं आत घातली आणि वाळू चिमटीत घेऊन बघत राहिला. मी वाट बघत होते की आता ओरडेल. माझ्या अंगावर कोणी ओरडलं की मला बरं वाटतं, मीही ओरडू शकते. तो ओरडला नाही.

"कालपासून सारखा फोन करते ती," तो म्हणाला. "सकाळीच सांगितलं तिला, डबा आहे, भरलेला आहे, काळजी करू नकोस. तेव्हा कुठे ती जेवली."

बाळाने झोपेत चळवळ केली. त्याने गादीच्या कडेला हात ठेवून ती हळूहळू हलवली. बाळ परत शांत झालं.

"यातलं किती वेळ पुरेल?" मी उघड्या डब्याकडे बघून विचारलं.

"आज. पातळ केलं तर उद्या सकाळचं एक."

"मी नळवाल्याकडे जाते. अर्धं तरी…"

"जायचं नाही." पहिल्यांदा त्याचा आवाज चढला. "जुळी आहेत तिथे. दिलेलं मागायचं नाही."

"मग मी आणते. संध्याकाळच्या आत आणते."

"कुठून?"

"आणते म्हटलं ना."

बाहेर आले आणि पळतच सुटले. औषधाच्या दुकानात गेले. औषधवाला मला बघताच म्हणाला, "नाही." मी अजून काही मागितलंच नव्हतं. दुसऱ्याकडे गेले, त्याने अर्ध्या उघड्या शटरखालून नुसता हात हलवला. टेकाडावरच्या किराणावाल्याशी भांडले. त्याच्याकडेही नव्हतं, पण कोणाशीतरी भांडायचंच होतं. एका घरी डबा आहे असं कळलं. तिथे बाळ होतं, त्याची आई मला बघून दार अडवून उभी राहिली, जणू मी हिसकावूनच घेणार होते. तिचं काही चुकलं नाही. मी मागे फिरले.

दुकानात आले तर मामाने तोंडाकडे बघूनच ओळखलं. मी सगळं सांगितलं. जुळ्यांचं सांगितलं तेव्हा त्याने तोंड फिरवलं.

"परवाच खोका आला होता ना आपला?" मी म्हटलं.

"आला होता. मागे लावून ठेवला होता. जुना माल पुढे, नवा मागे, तुला माहीतच आहे. काल सगळंच गेलं असेल."

मी आतल्या खोलीत शिरले. काल तिथून घाईघाईने माल काढला होता ते दिसत होतं. साबणाचे खोके फाडलेले, पुठ्ठ्याच्या चिंध्या, सुतळ्या, पायाखाली सांडलेली डाळ. तांदळाच्या पोत्यामागे हात घातला तर हाताला सपाट पुठ्ठा लागला. बाहेर ओढला. दुधाच्या डब्यांचा खोका, परवाचा. चिकटपट्टी चाकूने सरळ कापलेली. चारी कोपरे उकलून, नीट घडी घालून, मागे सरकवलेला.

गर्दीत खोक्याची घडी कोणी घालत नाही.

मग मला तांदळाचं ताट आठवलं. पाववाला बोलत होता आणि मामी उठून आत गेली होती. तेव्हा गर्दी नव्हती.

मी जिना दोन दोन पायऱ्या करत चढले. मामी वर कपडे घड्या करत होती. मी काही न विचारता पलंगाखालची पेटी ओढली. हिवाळ्याची पांघरुणं होती, ती उपसली. त्यांच्याखाली डबे. दाटीवाटीने, एकाला एक लावून. सगळ्यांची तारीख पुढच्या वर्षाची.

"तूसुद्धा?" मी म्हटलं. "लोकांना मी शिव्या घालतेय, मीठ कशाला म्हणून, आणि आपल्याच घरात? ते पोर उद्या सकाळी उपाशी राहणार आहे. तुला काय करायचेत गं हे? तुला ना मूल ना…"

बोलले आणि जीभ चावली. पण तोंडातून गेलं होतं.

मामीने घडी घातलेला शर्ट चळतीवर ठेवला. उठून दार लावलं.

"मला चौथा महिना आहे," ती म्हणाली.

खाली मामा कोणाला तरी साखर नाही म्हणून सांगत होता, तेवढंच ऐकू येत होतं.

"मामाला?"

"नाही सांगितलं. कोणालाच नाही. मागच्या दोन्ही वेळेला आधीच सांगून बसले होते सगळ्यांना. तुझ्या आईने दुपटी शिवली. मग ती दुपटी परत द्यायला कोणाला जमेना, अजून आहेत कुठेतरी. तुझा मामा महिनाभर काट्याकडे बघत बसायचा." ती पेटीशी बसली, डब्यांवर हात ठेवून. "दवाखाना पलीकडे. डॉक्टर पलीकडे. पाववाल्याने सांगितलं आणि माझं डोकंच बंद झालं. म्हटलं, पूल नाही, डॉक्टर नाही, मग माझ्या हातात आहे काय? हे होतं. हे उचललं."

"पण अजून पाच महिने आहेत."

"माहीत आहे मला. मी काय वेडी आहे?" आणि मग जरा हसली. "काल झालेच होते बहुतेक."

मी तिच्याशेजारी खाली बसले. माझे हात पांघरुणांवर होते, ते मी उगीच सरळ करत राहिले.

"मुलगा आहे की मुलगी?" तिने विचारलं.

"मुलगी. एवढीशी. केसात कापूस."

मामीने एक डबा काढला. दुसऱ्याला हात लावला, आणि मागे घेतला. मी बघत होते हे तिला माहीत होतं. मी काही म्हटलं नाही. एका डब्यात किती दिवस निघतात आणि पूल कधी उघडेल, हे दोन्ही मला कळत होतं, पण मी काही म्हटलं नाही. पेटी तिने परत बंद केली.

"मी येते बरोबर," ती म्हणाली.

मागच्या जिन्याने उतरलो. डबा तिने पदराखाली धरला होता. रस्त्यात कोणी बघितलं असतं तर दहा जणांनी विचारलं असतं, कुठे मिळाला.

गादीवाल्याच्या दारात पोचलो तेव्हा बाळ रडत होतं आणि म्हातारा त्याला खांद्यावर घेऊन खोलीभर फिरत होता. चुलीवर पाणी उकळलेलं होतं. त्याने मामीकडे बघितलं, डब्याकडे बघितलं, आणि लगेच हातात घेतला नाही. मामीच्या हातातच झाकण उघडून आतलं बघितलं. चांदीचा कागद सोलला, बोटाला लावून चाखलं. मला वाईट वाटलं, पण त्याचं बरोबर होतं. मी असते तर मीही चाखलं असतं.

"बाई, तुम्ही धरता का जरा? मी मिसळतो."

मामीने बाळ घेतलं. तिला नीट धरता येत नव्हतं. डोकं एकीकडे लवंडत होतं. "हात मानेखाली," म्हातारा पाठमोरा राहूनच म्हणाला. "घाबरू नका, मोडत नाहीत ती." त्याने बाटली हलवली, मनगटावर थेंब टाकून बघितला आणि तिच्या हातात दिली. मला वाटलं, तो स्वतः पाजेल. त्याने नाही पाजलं. तो खाली बसून सुईत दोरा ओवायला लागला.

बाळ पिताना असा आवाज करतं, जणू कोणी पळून आलंय लांबून. मामी तिच्या तोंडाकडे बघत बसली. दूध संपलं तरी तशीच. म्हाताऱ्याने सांगितलं, आता उभं धरा, पाठीवर थापटा, वर वर. तिने थापटलं. बराच वेळ काही झालं नाही. मग बाळाने ढेकर दिला, मोठ्या माणसासारखा, आणि मामी इतकी दचकली की आम्ही तिघंही हसलो.

"तुमचं पहिलं का?" म्हाताऱ्याने विचारलं. दोऱ्याकडेच बघत विचारलं.

मामीने बाळाचं डोकं खांद्यावर नीट टेकवलं. मग हो म्हणाली.

तो म्हणाला, "बरं," आणि टाका घातला.

मी दारात उभी होते. निघायला हवं होतं, दुकान उघडं होतं, मामा एकटा होता. मामी उठेना. बाळ तिच्या खांद्यावरच झोपलं होतं.

"जा," ती मला म्हणाली, हळू आवाजात. "पेटीतले बाकीचे घेऊन ये."

"सगळे?"

तिने बाळाच्या पाठीवरचा हात काढला नाही. "दोन इथे. दोन समोर, जुळ्यांकडे. एक राहू दे. तो मला तुझ्या मामाला दाखवायचाय. नुसतं सांगायला गेले तर मला जमणार नाही."

मी गेले. मागच्या जिन्याने चढले, पिशवी भरली, एक डबा पांघरुणाखाली ठेवला. उतरताना मामा जिन्याच्या खालीच उभा. पिशवीचं तोंड उघडं होतं. त्याने एक डबा काढला, तारीख वाचली. त्याला दुसरं काही वाचायची गरज नव्हती.

"परवाचा खोका," तो म्हणाला. "वर होता?"

मी होकारार्थी मान हलवली.

"तिने ठेवले?" त्याच्या मानेची शीर वर आली होती. "मी इथे तोंड लपवून बसलोय आणि माझ्याच घरात?"

माझ्या ओठांवर आलं होतं. मी ओठ आत ओढले आणि धरून ठेवले.

"तू बोलत का नाहीस?"

"तिला विचार. गादीवाल्याकडे आहे ती. बाळाला घेऊन बसलीय."

मामा डबा हातात घेऊन उभा राहिला. मग पिशवीत ठेवला, पिशवी माझ्याकडून घेतली, बाहेर उभ्या गिऱ्हाइकांना म्हणाला, जरा वेळाने या, आणि शटर ओढलं. चपला घालताना म्हणाला, "चल. त्याची माफी तरी मीच मागतो. बाकीचं मग बघतो तुझ्या मामीकडे."

रस्त्यावर माणसं रिकाम्या पिशव्या घेऊन या दुकानातून त्या दुकानात फिरत होती. मामा भराभरा चालत होता, रागात. मी त्याच्याबरोबर चालत होते. वखारीपर्यंत मी एक शब्द बोलले नाही. नाक्यावरच्या सायकलवाल्याने मला वकीलसाहेब म्हणून हाक मारली, त्यालाही उत्तर दिलं नाही.

वखारीच्या वळणावर मामा थांबला. राग जरा उतरला होता त्याचा. माझ्या कपाळाला हात लावून बघितला आणि म्हणाला, "तुला बरं वाटत नाहीये का गं?"